चोर नागपुरात, पुंजाराम शिंगणापुरात

नागपूर. गुरुवार, सकाळी नऊ बेचाळीस.

रसवंतीच्या बैलाला दुपारी वाटतं, आपण आता पैठणला पोचत आलो.

पासवर्ड किमान आठ अक्षरांचा असावा.

तिळाचं तेल, पाव लिटर.

केडगावच्या अँड्र्यूभाऊंना उंचीची भीती वाटत नाही. कुत्र्यांची वाटते.

ज्या घराला दार नाही, त्या घराची कडी कुणी वाजवत नाही.

*

या सगळ्याचा एकमेकांशी काय संबंध, असं बुधवारी कुणी विचारलं असतं तर पुंजाराम पोट धरून हसला असता. बुधवारपर्यंत तो हसतच होता.

घोडेगावहून शिंगणापूरला जाणाऱ्या रस्त्यावर त्याची रसवंती. लाकडी चरक, त्याला जुंपलेला राजा नावाचा बैल, चार बाकडी. बुधवारी संध्याकाळी नाशिकच्या एका गिऱ्हाइकानं रसाचा ग्लास हातात धरून विचारलं, "काका, तुमच्या गावात खरंच कुणाच्या घराला कुलूप नसतं?"

"कुलूप?" पुंजारामनं छाती अशी फुगवली की बनियनला घाम फुटला. "आवो, माज्या बापानं उभ्या जल्मात किल्ली हातात धरली न्हाई! आमच्या घराला नुसती चौकट. तिजोरी म्हंजे कणगी. माज्या घरातनं आजवर सुई हलली न्हाई, आन् हलवायची कुणाची छाती बी न्हाई! चोरी करून माणूस येशीपर्यंत जाईस्तवर देव त्याला गाठतो!"

गिऱ्हाईक गार पडलं आणि त्यानं आणखी एक ग्लास घेतला.

गुरुवारी सकाळी पुंजाराम स्वतः गार पडला.

*

झालं असं. पुण्याला नोकरी करणाऱ्या सुनीलनं, म्हणजे पोरानं, बापाला नवा फोन पाठवला. रसवंती नकाशावर दिसावी, यात्रेकरूंनी तारे द्यावेत, म्हणून त्यानं मागेच बापाच्या नावानं एक खातं उघडून ठेवलं होतं. त्याच खात्यात घरातले सगळे फोटो होते, आधार कार्डं होती, सातबारा होता. थोडक्यात, अख्खी कणगीच होती.

पुंजारामनं नव्या फोनवर खातं उघडलं. पासवर्ड होता बैलाचं इंग्रजी नाव आणि पुढं चार आकडे. तो त्यानं रसवंतीच्या खांबावर खडूनं लिहून ठेवला होता, रसाच्या दराच्या बरोबर खाली. लपवायचा कशाला? ज्या घरात कपाटालाही कडी नाही, तिथं आठ अक्षरं कोण लपवतो!

दोन मिनिटांत फोन थरथरला.

'तुमच्या खात्यात नवीन फोनवरून प्रवेश झाला आहे. ठिकाण : नागपूर. वेळ : ९.४२. तुम्हीच होतात का?'

खाली दोन बटणं. होय. नाही.

पुंजारामनं आजूबाजूला पाहिलं. समोर चरक, बाजूला बैल, मागे उसाची मोळी. हे नागपूर नक्कीच नव्हतं.

"गोजर!" तो ओरडला. "आपल्यात कुणीतरी शिरलंय!"

गोजरबाई, त्याची बायको, ऊस साळत होती. तिनं कोयता खाली ठेवला, घरात जाऊन आली. "कुणी न्हाई वं. मांजर हाय."

"घरात न्हाई, खात्यात! नागपूरचा माणूस हाय!"

"काय नेलं?"

"नेलं काईच न्हाई आजून."

"मंग चोर कसला? पाव्हना म्हना की."

पण पुंजारामनं मेल परत वरून खाली वाचला. त्यात चोराच्या फोनचं नावही होतं. तीच कंपनी. तेच मॉडेल. हुबेहूब आपल्यासारखा फोन! म्हणजे चोरानं आधी येऊन पाहून, मापं घेऊन, मग तयारी केली होती!

आणि त्याला आठवलं. सोमवारी नागपूरच्या गाडीतून आलेला तो मिशीवाला. जास्तीचं आलं मागत होता. आणि आलं किसून होईपर्यंत कुठं बघत उभा होता? खांबाकडं!

त्यानं पुण्याला सुनीलला फोन लावून नागपूरचं सांगितलं.

"आण्णा, मी मीटिंगमध्ये आहे. ठिकाण ओळखीचं नाही ना? मग 'नाही' दाबा आणि पासवर्ड बदला. आणि कुठं लिहून ठेवू नका!"

"खांबावर लिवला व्हता."

"खांबावर?"

पुंजारामनं 'नाही' दाबलं.

*

नवा पासवर्ड तयार झाला. आता तो लपवायचा होता.

इथं एक अडचण उभी राहिली. साठ वर्षांच्या आयुष्यात पुंजारामनं एकही वस्तू कधी लपवली नव्हती. लपवायचं कसं असतं, हेच त्याला ठाऊक नव्हतं! चिठ्ठी टोपीत ठेवली, तर टोपी काढताना सगळ्यांना दिसली. उशीखाली ठेवली, तर गोजरबाईनं केरात काढली. शेवटी त्यानं ती राजाच्या गव्हाणीत कडब्याखाली ठेवली. बैलाच्या तोंडापाशी जायची कुणाची हिंमत?

ती बैलानं खाल्ली.

शुक्रवारी सकाळी त्यानं तिसरा पासवर्ड केला, खातं उघडलं आणि श्वास रोखून बसला.

थर्रर्र.

'ठिकाण : सुरत. तुम्हीच होतात का?'

"सुरत!" पुंजाराम बाकड्यावरून ताडकन उठला. "गोजर, त्यो पळतोय! काल नागपूर, आज सुरत!"

"मंग चांगलं हाय की. लांब चाललाय."

"अगं, नवा पासवर्ड मी पाच मिन्टांपूर्वी केला! लिवला न्हाई, बोललो न्हाई, मनातल्या मनात केला! त्याला सुरतंत बसून माज्या मनातलं कळतंय!"

गोजरबाईनं नवऱ्याच्या कपाळाला हात लावून पाहिला.

'नाही', पुंजारामनं दाबलं. खात्री म्हणून अंगठा बराच वेळ तिथंच दाबून धरला.

आता कुणाला सांगावं? पोलिसांत जायचं, तर ते विचारणार, गाव कोणतं? शिंगणापूर! चोरी कुठं झाली? शिंगणापूर! उद्या ही बातमी फुटली की नाशिकचं गिऱ्हाईक म्हणणार, का हो काका, सुई हलली न्हाई ना तुमची? इतक्या पिढ्यांचा गावाचा लौकिक, आणि पहिला डाग पुंजारामच्या चौकटीवर! नुसत्या कल्पनेनं त्याच्या घशाला कोरड पडली. रसवंतीचा मालक असून!

दुपारी त्यानं घरातली ज्वारीची कोठी ढकलत ढकलत चौकटीत आणली आणि आडवी लावली. निम्मी वाट बंद झाली.

शेजारची छबूबाई विरजण मागायला आली ती कोठीला थडकली.

"अगं बया! पुंजाभाऊ, दार लावलं का काय तुमी?"

"दार न्हाई. कोठी हाय."

"कोठी चौकटीत?"

"उंदरं झाल्यात."

"मंग उंदरं काय आता चौकटीतनं यायची थांबत्यात व्हय?" छबूबाई विरजण न घेताच गेली. संध्याकाळपर्यंत आळीत बातमी होती : पुंजारामनं दार बसवलं. रात्रीपर्यंत त्या दाराला कडी आली होती. आणि सकाळी दूध घालायला आलेल्या माणसानं हळूच विचारलं, "कुलूप कुठल्या कंपनीचं घेतलं?"

*

(इथं बैलाबद्दल दोन शब्द. राजा रोज सकाळी आठपासून चालायला लागतो. तो थकतो, फेस गाळतो, अंतर कापतो. संध्याकाळी जू उतरवलं की मान वर करून बघतो, तर समोर तोच खांब. त्याच्या चेहऱ्यावर तेव्हा जे दिसतं, ते शनिवारी सकाळी पुंजारामच्या चेहऱ्यावर होतं.)

*

शनिवार. सकाळी सात. पुंजारामनं पुन्हा नवा पासवर्ड केला, खातं उघडलं.

'ठिकाण : पुणे. तुम्हीच होतात का?'

नागपूर. सुरत. पुणे.

चोर लांब जात नव्हता. चोर फिरून, वळसा घालून, जवळ येत होता! पुण्याहून शिंगणापूर किती? सुपे, केडगाव, नगर, घोडेगाव. साडेतीन तास! म्हणजे साडेदहाला तो या बाकड्यावर बसून जास्तीचं आलं मागणार!

'नाही!' पुंजारामनं दाबलं. मग तो उठला, पाव लिटर तिळाचं तेल घेतलं, डोईवर टोपी घातली आणि तडक देवाच्या चौथऱ्याकडे निघाला. या गावात चोरीची तक्रार जिथं करायची असते, तिथं.

रांगेत त्याच्या ओठांची हालचाल सुरू होती. मसुदा पक्का करत होता. नुसतं 'बघून घे' म्हणून भागणार नव्हतं. देवाला कामं फार. चार गोष्टी नेमक्या सांगायला हव्या होत्या.

तेल वाहिलं. हात जोडले. डोळे मिटले.

"देवा, ज्यानं माज्या खात्यात पाय ठिवला, त्याला सोडू नगंस. एक, त्याचं पायतान हरवू दे. दोन, त्यो ज्या गाडीत बसंल ती गाडी बंद पडू दे. तीन, जाईल तिथं त्याच्या मागं कुत्री लागू दे. आन् चार, त्याच्या पोटच्या पोरानं त्याला वळखू नये. वर साडेसाती. आख्खी. कुणाचीबी भीड धरू नगंस!"

मन हलकं झालं. तीन दिवसांत पहिल्यांदा पोटभर श्वास घेऊन तो बाहेर आला.

चपला नव्हत्या.

*

चपलांचं विशेष नाही, त्यानं स्वतःला समजावलं. साडेसाती जावी म्हणून कितीतरी लोक इथं मुद्दाम चपला सोडून जातात. कुणी घाईत दुसऱ्याच्या घातल्या असतील. अनवाणीच घोडेगावला आला आणि केडगावच्या अँड्र्यूभाऊंकडे जायला जीपमध्ये बसला.

अँड्र्यूभाऊ म्हणजे टेलिफोन खात्याचे निवृत्त लाइनमन. तीस वर्षांपूर्वी गावात पहिली तार ओढायला आले तेव्हा महिनाभर पुंजारामच्या पडवीत झोपले होते. फोनमधलं काहीही अडलं की पुंजारामला खांबावर चढलेले अँड्र्यूभाऊच आठवत.

जीप पांढरीच्या पुलापर्यंत नीट आली. इमामपूरच्या घाटात तिच्या तोंडातून वाफ आली आणि ती उभी राहिली ती उभीच.

"नवी हाय वं गाडी!" ड्रायव्हर डोकं खाजवत म्हणाला. "आजपतोर कदी आसं केलं न्हाई!"

पुंजारामनं आपल्या अनवाणी पायांकडं पाहिलं. पायताण. गाडी. ही यादी त्यानं कुठंतरी ऐकली होती.

"उलटवतोय!" तो पुटपुटला. "चोर लई वरच्या पायरीचा हाय. मी धाडलं ते माज्यावरच उलटं धाडतोय!"

दुसरी गाडी धरून तो केडगावला उतरला. अँड्र्यूभाऊंच्या गल्लीच्या तोंडाशी तीन कुत्री सावलीत झोपली होती. अनवाणी पावलांना आवाज नसतो. पुंजाराम चार पावलं पुढं गेला, आणि तिन्ही कुत्र्यांनी एकदम डोळे उघडले.

अँड्र्यूभाऊंनी दारातून पाहिलं ते असं : बालमित्रासारखा जुना दोस्त धोतराचा सोगा दातांत धरून येतोय आणि मागं तीन कुत्री. त्यांनी दार उघडलं, पुंजारामला आत ओढलं, दार लावलं, कडी घातली, आणि खात्री करायला पाठ लावून उभे राहिले. पुंजारामला आयुष्यात पहिल्यांदाच दार ही फार सुंदर गोष्ट वाटली.

"बस. पाणी पी. मग सांग."

पुंजारामनं सगळं सांगितलं. खांब, मिशीवाला, सुरत, कोठी. अँड्र्यूभाऊंनी फोन हातात घेतला, चष्मा नाकावर ओढला, तिन्ही मेल वाचले. मग त्यांचे खांदे हलायला लागले.

"पुंजा, घोडेगावच्या बाजारात तू कांदा घालतोस ना?"

"घालतो की."

"तो व्यापारी कुठं नेतो?"

"कदी नाशकाला, कदी इंदूरला. जिकडं भाव आसंल तिकडं."

"तिथं गोणी बदलली, शिक्का बसला नाशिकचा. पुढं कलकत्त्याचा माणूस म्हणतो, वा, नाशिकचा कांदा! त्याला तुझं वावर ठाऊक आहे का?"

"न्हाई."

"तसंच हे. तुझ्या मोबाईलचं इंटरनेट टॉवरवरनं निघतं, पण जगात जातं ते कंपनीच्या मोठ्या केंद्रातनं. आज नागपूरच्या, उद्या सुरतेच्या, जिकडं वाट मोकळी तिकडनं. पलीकडच्याला शिक्का तेवढा दिसतो. तो म्हणतो, माल नागपूरचा. पण माणूस तिथं नसतो, पुंजा."

"मंग मानूस कुठं आस्तो?"

"खांबाखाली. रस काढत."

पुंजारामला कळायला थोडा वेळ लागला. ते कळणं पायाकडून वर चढत आलं.

"म्हंजी... त्यो फोन माज्यासारखाच..."

"तुझाच."

"पासवर्ड त्याला लगेच कळायचा..."

"टाकत तूच होतास."

"पुन्यातनं यायला लागला त्यो..."

"कुणी येत नाहीये. तू खातं उघडतोस, तो विचारतो तूच का, तू म्हणतोस नाही; तो बिचारा घाबरून तुलाच बाहेर काढतो, तू पुन्हा आत येतोस. तीनदा स्वतःलाच नाही म्हणालास! आमच्या चर्चमध्ये यावर प्रवचन असतं रे, शिष्य गुरूला तीनदा नाकारतो त्यावर; पण त्यात नाकारलेला माणूस निदान दुसरा असतो!" अँड्र्यूभाऊ डोळे पुसत हसत होते. "चोर नाहीच! जा, निवांत झोप आता."

पुंजाराम हसला नाही. त्याचा चेहरा चुना लावल्यासारखा झाला होता.

"अँड्र्यूभाऊ," तो अगदी हळू म्हणाला. "मी सकाळी देवाला सांगून आलोय."

"काय?"

"ज्यानं खात्यात पाय ठिवला, त्याला सोडू नगंस."

अँड्र्यूभाऊंचं हसू थांबलं. त्यांनी पुंजारामच्या पायांकडे पाहिलं. अनवाणी. मग बंद दाराकडे पाहिलं. बाहेर अजून भुंकणं चालू होतं.

"आणखी काय काय सांगितलंस?"

"पायतान. गाडी. कुत्री." पुंजारामनं एकेक बोट मिटलं. "कंपनीला माजं घर तीन दिसांत सापडलं न्हाई, भाऊ! नागपूर म्हनती, सुरत म्हनती! आन् देवाला... देवाला पैल्या झटक्यात सापडलं!"

"चौथं काय?"

"पोटच्या पोरानं वळखू नये."

"हॅट! हे बघ, आत्ता लावतो सुनीलला. म्हणजे तुझी भीती जाईल." अँड्र्यूभाऊंनी स्वतःच्या फोनवरून नंबर लावला आणि फोन पुंजारामच्या कानाला दिला.

"हॅलो?" सुनीलचा आवाज आला.

"आरं, मी बोलतोय!" भीतीनं पुंजारामचा आवाज बारीक, चिरका निघाला.

"मी कोण?"

"आरं मी!"

"कोण बोलतंय? राँग नंबर." आणि फोन बंद.

अँड्र्यूभाऊंनी फोन परत घेतला.

"नंबर माझा होता," अँड्र्यूभाऊ चाचरत म्हणाले, "आणि पोरगं कामात असेल..."

पुंजाराम त्यांच्या गुडघ्याला हात लावून खाली बसला होता. "भाऊ, तुमच्यात माफी आस्ती म्हनत्यात. तुमी तुमच्या देवाला सांगून कायतरी करा!"

"माफी आहे, पुंजा. भरपूर आहे. पण तुझा खटला दुसऱ्या कोर्टात दाखल आहे. तिथं माझी वकिली कशी चालणार?"

*

संध्याकाळच्या आत पुंजाराम परत रांगेत होता. अँड्र्यूभाऊंची जुनी चप्पल पायात होती, ती त्यानं मुद्दाम रांगेच्या बाहेर, सगळ्यांना दिसेल अशी काढली.

त्याच्या पुढं एक कुटुंब उभं होतं. नवरा, बायको, सासूबाई.

"कुठलं गाव म्हनायचं?" पुंजारामनं भीत भीत विचारलं.

"नागपूर."

पुंजाराम एक पाऊल मागं सरला. "सगळं बरं हाय ना तुमचं? पायतान, गाडी?"

"गाडीचं काय सांगू काका! जालन्याच्या पुढं टायर फुटलं नं!"

बाप रे. म्हणजे एक प्रत नागपूरलाही गेली होती!

"कुत्री लागली का मागं?"

"अं?"

"पोरगं वळखतं ना तुमाला?"

माणसानं बायकोला नि सासूबाईंना जरा पुढं सरकवलं आणि स्वतः मध्ये उभा राहिला. पुंजारामनं त्याचे दोन्ही हात धरले. "माफ करा मला! परत जाताना राजा रसवंतीवर या. रस फुकट. आलं पायजे तेवढं घ्या!"

नंबर आला. पुंजाराम हात जोडून उभा राहिला. सकाळी चार कलमं तोंडपाठ होती. आता शब्द सापडेना.

"देवा, सकाळचा मानूस मीच. त्यो चोर बी मीच. पर चोर न्हाई. म्हंजी खात्यात पाय माजाच हुता, पर खातं बी माजंच हाय. घरात घरधनी शिरला तर... आन् त्या नागपूरच्या मानसाला यातलं काईबी नगं लावू, त्याचं टायर भरून दे. माजं काय आसंल ते..."

इथं मागच्यानं ढकललं आणि देव नजरेआड झाला. ऐकलं का? मान्य झालं का? पोचपावती नव्हती.

घरी येऊन त्यानं पहिलं काम केलं. खातं उघडलं. फोन थरथरला.

'ठिकाण : हैदराबाद. तुम्हीच होतात का?'

पुंजारामनं इकडंतिकडं बघितलं, डोळे मिटले आणि 'होय' दाबलं. हैदराबादला तो कधी गेला नव्हता. पण कबुली दिल्यावर जरा बरं वाटलं.

मग त्यानं कोठी चौकटीतून काढून जागेवर नेली. ती नेताना ती त्याच्या करंगळीवर आली. तो ओरडला नाही. आकाशाकडे बघून त्यानं मान डोलावली. पोचलं, म्हणाला.

गोजरबाईनं ताट वाढलं. त्यानं तिला सगळं सांगितलं, चारही कलमं, साडेसातीसकट. तिनं पिठलं वाढता वाढता ऐकून घेतलं.

"मंग आता काय?"

"आता साडेसात वर्सं," पुंजाराम म्हणाला. "जपून ऱ्हायला पायजे. राजाच्या मागनं जायाचं न्हाई. जीपमंदी बसायचं न्हाई. केडगावला जायाचं झालं तर काठी घेऊन."

"भाकरी गार व्हती. जेवा."

तो जेवला. ठसका लागला, तेव्हा त्यानं तोही मोजला.

शनिवारी सकाळी पुंजाराम तेल घेऊन घरातून निघाला, त्याच्या अर्धा तास आधी गोजरबाई देवापाशी जाऊन आली होती आणि म्हणाली होती, "आमचं मानूस घाबारलंय, आता यील आन् काईबाई मागंल, तर त्यातलं काईबी मनावर घिऊ नगंस."